खर्जाला हवी स्वतंत्र जागा

घरात मन लावून संगीत ऐकणाऱ्यांमध्ये एक मत घट्ट रुजले आहे. सबवूफर म्हणजे सिनेमातल्या स्फोटांची सोय. ज्याला गाणे ऐकायचे त्याने दोन चांगले स्पीकर घ्यावेत आणि तिथेच थांबावे. या मताला तीन आधार दिले जातात. रागसंगीतात इतका खोल खर्ज नसतोच. लहान मॉनिटर स्पीकर आणि सबवूफर यांचा आवाज कधी एकजीव होत नाही. आणि खर्ज हवाच असेल तर मोठे, उभे स्पीकर घेणे हाच सरळ मार्ग. तिन्ही मुद्दे प्रामाणिकपणे मांडले जातात, पण कसोटीला उतरत नाहीत.

काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला, तर पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झला बोलतो. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर मानवी आवाजाच्या खरेपणासाठी आजही नावाजला जातो. मात्र तानपुऱ्याच्या त्या तारेपाशीच त्याचे बळ ओसरू लागते. वरचे उपस्वर ऐकून कान मूळ स्वर ओळखतो, हा प्रतिवाद खरा आहे. पण त्यातून स्वर कोणता ते कळते, त्याचे वजन मिळत नाही. डग्ग्याचा घुमारा नुसता ओळखून समाधान होत नाही, तो भरून यावा लागतो.

एकजीव न होण्याची तक्रार बहुधा चुकीच्या जोडणीची असते. ८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी ४.३ मीटर असते. इतक्या लांब लहरीची दिशा कानाला जवळजवळ कळत नाही. सबवूफर कोपऱ्यातून वेगळा ऐकू येतो तेव्हा क्रॉसओव्हर (मॉनिटर आणि सबवूफर यांच्यात स्वर वाटून देणारी सीमा) फार वर ठेवलेला असतो, पातळी चढवलेली असते किंवा फेज (दोघांच्या लहरींचा ताळमेळ) जुळवलेला नसतो. हा दोष मांडणीचा आहे, उपकरणाचा नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतींपाशी फुगतो आणि मध्यावर जवळपास नाहीसा होतो. गायक डोळ्यांसमोर बसल्यासारखा वाटावा यासाठी स्पीकर जिथे ठेवावे लागतात, तीच जागा खर्जाला मानवेल असे क्वचितच घडते. मोठा स्पीकर या दोन्ही गरजा एकाच पेटीत कोंडतो. वेगळा सबवूफर खर्जाला त्याची जागा निवडू देतो. एकापेक्षा अधिक सबवूफर योग्य ठिकाणी ठेवले तर खर्ज खोलीभर अधिक समान होतो, हे ध्वनिसंशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून दाखवले.

आणि फायदा केवळ खर्जाचा नाही. तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी ८० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झ वाजवायचे तर वूफरच्या पडद्याला चौपट हलावे लागते. त्याच पडद्यावर गायकाचा आवाजही स्वार असतो, म्हणून तो गढूळ होतो. मॉनिटरकडे जाणारा खर्ज ८० हर्ट्झपाशी कापला की त्याच्यावरचा हा भार उतरतो आणि गळा स्वच्छ होतो. नुसता सबवूफर जोडून मॉनिटरला पूर्ण सिग्नल देत राहणारे हा अर्धा लाभ गमावतात.

शेजाऱ्यांचा प्रश्न खराच आहे, कारण खर्ज भिंती आणि स्लॅब ओलांडतो. रात्री सबवूफरची पातळी उतरवणे हे आपले कर्तव्यच आहे. पण हळू आवाजात कानाला खर्ज आधी कमी पडतो, हे संशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले आहे. खर्ज पुरेसा असेल तर दिवसाही आवाज चढवण्याची गरज कमी भासते.

म्हणून मोठ्या पेट्यांच्या मागे लागण्याआधी हे करून पाहा. सबवूफर तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, परिचयाचे गाणे लावा आणि भिंतीकडेने खाली वाकून फिरा. जिथे खर्ज सर्वांत समतोल ऐकू येईल, तिथे सबवूफर हलवा. मग पातळी इतकी उतरवा की तो चालू असल्याचे जाणवू नये, पण बंद करताच गाणे पोकळ व्हावे. तिथे थांबा, जोडणी जमली.