विश्लेषण : एका युरोला दोनदा विकला गेलेला क्लब… पार्माची घसरण मैदानात झाली की हिशेबात?

युरोपात एखादा फुटबॉल क्लब कर्जात बुडाला की हमखास एक नाव निघते, ते म्हणजे पार्मा. २०१३-१४च्या मोसमात सेरी-एमध्ये सहावा आलेला हा इटालियन क्लब पुढच्याच मोसमात तळाला म्हणजे विसाव्या स्थानी गेला आणि थेट चौथ्या श्रेणीत फेकला गेला. वर्षभरात असे काय घडले?

पार्माचे महत्त्व काय?

१९१३मध्ये स्थापन झालेला हा क्लब तसा लहान शहराचा. मात्र नव्वदच्या दशकात ‘पार्मालाट’ या दुग्धउद्योगाच्या पैशावर तो युरोपात गाजला. १९९३मध्ये कप विनर्स कप, तर १९९५ आणि १९९९मध्ये युएफा कप त्याने जिंकला. बुफॉन, कॅनाव्हारो, थुराम, क्रेस्पो हे सारे इथे खेळले. २००३च्या अखेरीस पार्मालाटचा महाघोटाळा उघड झाला आणि क्लबचा आधार गेला. २००७मध्ये तोमासो गिरार्दी या उद्योजकाने तो विकत घेतला.

पहिली धोक्याची घंटा कधी वाजली?

सहाव्या स्थानामुळे पार्माला युरोपा लीगचे दार उघडले होते. पण खेळाडूंच्या मोबदल्यावरील सुमारे तीन लाख युरोंचा प्राप्तिकर वेळेत न भरल्याने क्लबला युरोपीय स्पर्धेचा परवाना नाकारण्यात आला आणि ती जागा तोरिनोला मिळाली. सेरी-एतल्या क्लबसाठी ही रक्कम किरकोळच. तीही वेळेत भरली जात नसेल, तर तिजोरीत काय शिल्लक आहे, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

एका युरोचा व्यवहार काय होता?

डिसेंबर २०१४मध्ये गिरार्दी यांनी क्लब विकला, किंमत एक युरो. फेब्रुवारी २०१५मध्ये नव्या मालकांनी तो जाम्पिएत्रो मानेंती यांना विकला, पुन्हा एकाच युरोला. असा क्लब घेणारा प्रत्यक्षात त्याची कर्जे अंगावर घेत असतो. ती फेडण्याची ऐपत त्याच्याकडे आहे का, याची कसून तपासणी झाली नाही. मानेंती पैसे येत असल्याची आश्वासने देत राहिले, पैसे आलेच नाहीत. १८ मार्चला त्यांना आर्थिक गैरव्यवहाराच्या तपासात अटक झाली. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने क्लबला दिवाळखोर जाहीर केले. एकूण देणी होती २१.८ कोटी युरो!

मैदानावर काय झाले?

खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार कित्येक महिने थकले होते. अंतोनियो कसानोने जानेवारीतच करार मोडून क्लब सोडला. फेब्रुवारीत उदिनेसेविरुद्धचा घरचा सामना पुढे ढकलावा लागला, कारण मैदानावरील सुरक्षा व्यवस्थेसाठी पैसे नव्हते. चाहत्यांनी स्टेडियमच्या दारावर फलक लावला : ‘लुटीमुळे बंद’. पुढच्या आठवड्यात जेनोआविरुद्धचा सामनाही झाला नाही. अखेर सेरी-एतल्या क्लबांनी मोसम पूर्ण व्हावा म्हणून ५० लाख युरो दिले.

तरीही प्रशिक्षक रॉबेर्तो डोनाडोनी आणि कर्णधार अलेस्सांद्रो लुकारेली यांनी संघ बांधून ठेवला. नोव्हेंबरमध्ये ज्या युव्हेंटसकडून पार्माने ०-७ असा मार खाल्ला होता, त्याच गुणतक्त्यात आघाडीवर असलेल्या युव्हेंटसला त्यांनी ११ एप्रिलला १-० असे हरवले. गोल होसे माउरीचा. पण उशीर झाला होता. ३८ सामन्यांत ६ विजय, ८ बरोबरी आणि २४ पराभव, म्हणजे २६ गुण. त्यातले ७ गुण आर्थिक नियमभंगापोटी कापले गेले, उरले १९. दंड झाला नसता तरीही पार्मा वाचला नसता.

दुसऱ्याऐवजी चौथी श्रेणी का?

सेरी-एतले तळाचे तीन संघ सेरी-बीमध्ये जातात. पण तिथे खेळायलाही नव्या मालकाची गरज होती. खरेदीदार मिळावा म्हणून खेळाडूंनी थकबाकीच्या मोठ्या हिश्श्यावर पाणी सोडण्याची तयारी दाखवली. जून २०१५च्या मुदतीत तरीही कुणी पुढे आले नाही. मग स्थानिक उद्योजकांनी नवा क्लब काढून सेरी-डीपासून सुरुवात केली. त्यात पास्तासाठी प्रसिद्ध बरिला कुटुंबाचाही सहभाग होता. लुकारेली संघासोबत राहिला. चौथ्या श्रेणीच्या सामन्यांसाठी नऊ हजारांहून अधिक चाहत्यांनी मोसमाची तिकिटे काढली. सलग तीन बढत्या मिळवत २०१८मध्ये पार्मा सेरी-एमध्ये परतला.

मग धडा काय?

ही पुनरागमनाची गोष्ट गोड वाटते. पण तिची किंमत कुणी मोजली, हेही पाहायला हवे. जुन्या कंपनीची देणी नव्या क्लबकडे आली नाहीत. म्हणजे झळ बसली ती पगार थकलेल्या कर्मचाऱ्यांना आणि उधारीवर माल देणाऱ्यांना. मोठ्या खेळाडूला दुसरा क्लब मिळतो. कपडे धुणाऱ्या, मैदान राखणाऱ्या माणसाला तो पर्याय नसतो.

गुण कापण्याची शिक्षा मालकाला लागत नाही, ती संघाला आणि चाहत्यांना भोगावी लागते. त्यामुळे ती पुरेशी नाही. क्लब हातबदल होण्याआधी खरेदीदाराने किमान त्या मोसमाच्या पगाराची रक्कम बँक हमीसह दाखवावी, अशी अट असती, तर एका युरोचा दुसरा सौदा झालाच नसता. पार्मात त्या कराच्या चुकीपासून दिवाळखोरीपर्यंत जवळपास दहा महिने होते. नियामकांना तेवढा वेळ पुरायला हवा होता.