तारेच्या पलीकडचं घरकाम



शहर सोडून कोकणात किंवा मुळशी-मावळात जमीन घेऊन राहायला गेलेलं एखादं तरी कुटुंब आता तुमच्या-माझ्या ओळखीत असतं. वीज कंपनीची तार नको, टँकर नको, घंटागाडी नको. छपरावर सौर पॅनेल, अंगणात पावसाच्या पाण्याची टाकी, कचऱ्याचं खत आणि मैल्याचंही खत. अशा राहण्याला ‘ऑफ ग्रिड’ म्हणतात. या माणसांबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते. धरणांत गावं बुडवणं, शहरांचे उकिरडे खेड्यांच्या माथी मारणं याविरुद्ध आपण मोर्चे काढले. ही माणसं निदान आपल्या घरापुरतं उत्तर शोधताहेत. पण अशा काही घरांत राहून आल्यापासून एक प्रश्न मला सोडत नाही. तार, नळ आणि गटार काढून टाकलं की त्यांचं काम कोण करतं?

पाण्याचंच बघा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे ५० चौरस मीटरच्या छपरावर दीड लाख लिटर. ऐकून वाटतं, प्रश्न मिटला! पण हा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो. सरकारच्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. चौघांच्या घराला २२० लिटर, आठ कोरड्या महिन्यांसाठी जवळजवळ ५३,००० लिटर. एवढी टाकी परवडत नाही, म्हणून दहा हजारांची बांधतात. ती दिवाळीच्या आगेमागे तळ दाखवते. पुढे विहीर किंवा ओढा. पंधरा लिटरच्या हंड्याने २२० लिटर म्हणजे पंधरा खेपा. अर्थात पंधरा खेपा कुणी घालत नाही. पाणी कमी वापरलं जातं. धुणं आठवड्यावर जातं, भांडी राखेने घासून एकाच पाण्यात काढली जातात. ही काटकसर करणारे हात कुणाचे, हे तुम्हाला सांगायला नको.

विजेच्या बाबतीत तर मजाच आहे. एका घरात भिंतीवर रोजच्या विजेचा तक्ता टांगलेला पाहिला. घरातले गृहस्थ अतिशय काटेकोर. मिक्सर मात्र घरात नव्हता, कारण तो ‘जड लोड’. वाटण पाट्यावर. आलेल्या पाहुण्यांना त्या वाटणाची चव कौतुकाने सांगितली जाई. मी कागदावर हिशेब मांडला. ५०० वॉटचा मिक्सर दहा मिनिटं चालवला तर साधारण ८३ वॉट-तास लागतात. ७५ वॉटचा पंखा रात्रीचे आठ तास चालला तर ६००. ५० वॉटचा लॅपटॉप सहा तास चालला तर ३००. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढते आणि लहान इन्व्हर्टरला ते झेपत नाही, हे खरं आहे. पण म्हणजे प्रश्न इन्व्हर्टर निवडतानाचा झाला. तो निवडायला बसलेल्यांत वाटण वाटणारी नव्हती. भर दुपारी पॅनेल पूर्ण जोरात असतं, तेव्हा मिक्सर फिरवला तर बॅटरीवर भारही पडत नाही. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक गंमत. बॅटरीत चार-सहा महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर भरणं हे ‘तांत्रिक’ काम. पॅनेलवरची धूळ दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसणं ही मात्र झाडलोट! गोबर गॅसचं तेच. ‘दीनबंधू’ नमुन्याचा गॅस १९८४ साली आला आणि धुरापासून सुटका करणारा म्हणून आपणही त्याचा प्रचार केला. तो योग्यच होता. पण दोन घनमीटरच्या गॅसला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. चार-पाच जनावरांचं शेण गोळा करून ते पाण्यात कालवणं हे रोजचं काम. लाकडाची मोळी डोक्यावरून उतरली आणि शेणाची पाटी आली. फायदा नक्कीच आहे, डोळे आणि छाती वाचतात. पण त्याला ‘फुकट इंधन’ म्हणू नये.

केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं. पुरुषांची ८८ मिनिटं, आणि तीही घरकाम करणाऱ्या पुरुषांची. जे मुळी करतच नाहीत ते या सरासरीत नाहीत. नळ आणि तार असलेली घरं धरून हे आकडे आहेत.

आता मैल्याविषयी. याविषयी आपल्या घरांतून अजून नीट बोललं जात नाही, कारण यात जात आहे. शहरात आपण साखळी ओढतो आणि पुढचं कुणीतरी, बहुतेक वेळा ठरावीक जातीचंच कुणीतरी, निस्तरतं. १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात उतरून माणसं मरतात. ऑफ ग्रिड घरात साखळीच नसते. कोरड्या संडासात भुसा किंवा राख टाकायची, भांडं भरलं की खड्ड्यात रिकामं करायचं, खड्डा भरला की झाकून वर्षभर ठेवायचं. नीट केलं तर वास येत नाही, खत उत्तम होतं. आप्पा पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावं म्हणून हट्ट धरला आणि त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास केला. ते काम आपल्या हाताने करण्यात केवढा विचार होता! आजच्या शेतघरात ते भांडं कोण उचलतं? दोन ठिकाणी मला उत्तर मिळालं, ‘वाडीवरची एक बाई येते.’ म्हणजे गटार गेलं, जात राहिली.

पाळीच्या कचऱ्याला तर कुणाच्याच आराखड्यात जागा नसते. बाजारातल्या पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं, त्याचं खत होत नाही. पुरलं तर कुत्री उकरतात, चुलीत घातलं तर विषारी धूर. कापड वापरायचं तर धुवायला पाणी हवं आणि वाळवायला आडोशाचा कोपरा नव्हे, ऊन हवं. सिलिकॉनचा कप नीट वापरला तर दहा वर्षांपर्यंत टिकतो, पण त्यालाही स्वच्छ हात आणि उकळलेलं पाणी लागतं. टाकीच्या हिशेबात हे पाणी कुणी धरलेलं मी पाहिलं नाही.

मग काय, सगळ्यांनी तारेकडे परत जावं? मी तसं म्हणत नाही. ज्यांच्यापर्यंत तार पोहोचलीच नव्हती अशा नंदुरबारच्या बिलगावात लोकांनी श्रमदान करून धबधब्यावर १५ किलोवॉटचा वीजप्रकल्प उभा केला. २००३ साली पाड्यांवर दिवे लागले. २००६ च्या पुरात, सरदार सरोवराच्या फुगवट्यात, तो गेला. पण जोवर होता तोवर तो गावाचा होता. कालवा साफ करणं, यंत्र राखणं ही नाव असलेली कामं होती, ती कुणा एकीच्या घरकामात विरघळली नाहीत. एकेकट्या शेतघरात नेमकं तेच होतं. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात तर शाळा न पाहिलेल्या बायका तारांच्या रंगांवरून सौर दिव्यांची जोडणी-दुरुस्ती शिकल्या. तेव्हा ‘तिला त्यातलं कळत नाही’ ही सबब आता पुरे.

ज्या मैत्रिणी अशा घरांत राहतात किंवा जायच्या विचारात आहेत, त्यांना एक विनंती. आठवडाभर एक वही ठेवा. लिटर, वॉट आणि किलो यांच्या शेजारी मिनिटांचा एक रकाना आखा आणि त्यापुढे काम करणाऱ्याचं नाव लिहा. वाडीवरून येणारी बाई असेल तर तिचंही, आणि तिला दिलेले पैसेही. पावसाळ्यातला एक आठवडा आणि एप्रिलमधला एक असं झालं तर फारच चांगलं. ती वही पॅनेलच्या तक्त्याशेजारी टांगा. नोंदी आमच्याकडे पाठवल्यात तर पुढच्या अंकात त्यांना पानं राखून ठेवली आहेत.