भरलेलं चर्च, रिकामा रस्ता



परवा रात्री घरातल्यांसोबत 'हाय नून' हा १९५२ सालचा कृष्णधवल चित्रपट पुन्हा पाहिला. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन, नायक गॅरी कूपर. घोडे, पिस्तुलं आणि धूळ यांच्या या गोष्टीत आपल्यासाठी काय असणार, असं वाटेल. पण त्यात एक चर्च आहे, आणि त्या चर्चने माझी झोप उडवली.

कथा साधी आहे. रविवारची सकाळ. गावचा मार्शल, म्हणजे आपला फौजदार म्हणा, विल केन याचं नुकतंच लग्न लागलं आहे. बिल्ला उतरवून तो बायकोबरोबर गाव सोडणार, इतक्यात बातमी येते: त्याने पकडलेला खुनी फ्रँक मिलर सुटला आहे आणि दुपारी १२ च्या गाडीने सूड घ्यायला येतो आहे. स्टेशनवर त्याचे तीन साथीदार थांबले आहेत. केन निघतो, पण वाटेतून परत फिरतो आणि सोबतीसाठी दारोदार हिंडतो.

जुन्या वेस्टर्नमध्ये चांगल्याची टोपी पांढरी आणि वाईटाची काळी, असा ढोबळ संकेत असे. इथे केनची टोपी काळी आहे. रंगावरून माणूस ओळखू नका, हे चित्रपट सुरुवातीलाच बजावतो. खलनायक मिलर तर शेवटपर्यंत दिसतच नाही. दिसते ती त्याची रिकामी खुर्ची, पुढे जाणारी घड्याळं आणि क्षितिजापर्यंत गेलेले ओसाड रूळ. न्यायाधीश झेंड्याची घडी घालतो, न्यायाचा तराजू उचलतो आणि गाव सोडतो. मग पडदा भरून राहतो तो कोण? गावातली सज्जन माणसं.

केन उपासना चालू असताना चर्चमध्ये शिरतो. प्रथम काही जण उठतातही. मग चर्चा सुरू होते. मुलांना बाहेर पाठवलं जातं. हे आपलं काम नव्हे, असं कुणी म्हणतं. पाळकांना बरोबर काय ते कळतं, पण आपल्या लोकांना मारायला आणि मरायला जा असं कसं सांगू, या पेचात ते थांबतात. शेवटी एक प्रतिष्ठित गृहस्थ केनची तोंडभर स्तुती करतो आणि गावाच्या भल्यासाठी त्यानेच निघून जावं, असं सुचवतो. कुणी शिवी देत नाही, कुणी दार लावून घेत नाही. माझ्या मते या चित्रपटाचा खरा खलनायक त्या बाकांवर बसला आहे.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना हा चित्रपट आवडला नव्हता. चांगला फौजदार असा मदत मागत फिरणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. उत्तर म्हणून त्यांनी १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूनेही तिघा मित्रांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितलं होतं. केन काही ख्रिस्त नव्हे. पण सोबत मागणं हा दुबळेपणा असेल, तर त्या रात्रीचं काय करायचं? लाज मागणाऱ्याला नसते, झोपणाऱ्याला असते.

हे लिहिताना मला आमच्या पॅरिशमधली एक विधवा बहीण आठवते. दिराने तिला घर खाली करायला सांगितलं होतं. एका रविवारी मिस्सा संपल्यावर तिने मला विचारलं, "भाऊ, कचेरीत सोबत याल का? एकटीला भीती वाटते." मी म्हणालो, "ताई, आता सणाची तयारी चालू आहे. फादरांशी बोलतो." मी फादरांशी बोललो, प्रार्थनेत तिचं नाव घेतलं, आणि गेलो नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. माझं कारण त्या चर्चमधल्या कुठल्याही कारणाइतकंच सभ्य होतं.

चित्रपटात धावून येते ती केनची बायको एमी. ती क्वेकर पंथाची, हिंसेला ठाम नकार देणारी. तिच्याकडे न येण्याचं सगळ्यांत मोठं आणि खरं कारण होतं. तरी गोळीचा आवाज ऐकताच ती गाडीतून उतरून धावत सुटते. पुढे तिने शस्त्र उचललं, ते आपला प्रभू शिकवतो तसं नाही. पण ती उतरली, हे मला शिकायचं आहे.

शेवटी सगळं निवळल्यावर गाव रस्त्यावर जमतं. केन एक शब्द बोलत नाही. बिल्ला धुळीत टाकतो आणि निघून जातो.

त्या बहिणीची पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे. काल तिच्या घरी जाऊन मी माफी मागितली आणि सोबत येऊ का, असं विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "दहा वाजता निघू."

हे प्रभो, आमची सभ्य कारणं आमच्याकडून काढून घे आणि आमचे पाय बाकाखालून बाहेर काढ. आमेन.