कर्करोगग्रस्त बालकाचा ज्वर आणि आपले दवाखाने

जऊळका रेल्वे किंवा मालेगाव तालुक्यातील एखाद्या खेड्यातल्या बालकास रक्ताचा कर्करोग झाला, तर कुटुंब नागपूर गाठते, नाहीतर परळचे टाटा रुग्णालय. नागपूर दोनशे किलोमीटरच्या पुढे, परळ पाचशेच्याही पुढे. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, 2006 पासून सेंट ज्यूड इंडियाची निवासकेंद्रेही आहेत. परंतु बालकांत सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. त्यातील बराच काळ मूल घरी राहून मर्कॅप्टोप्युरिन व मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेत असते. अशा वेळी ताप आला की पालकांचे पहिले पाऊल आपल्या दवाखान्यात पडते, किंवा शेजारच्या मेडिकलमध्ये. म्हणून हा विषय केवळ मोठ्या रुग्णालयांचा आहे, असे समजून व्यवसायबंधूंना मोकळे होता येणार नाही.

केमोथेरपीने अस्थिमज्जा दबते. रक्तातील न्यूट्रोफिल पेशी दर मायक्रोलिटरला 500 च्या खाली उतरतात. त्याच वेळी आतड्याच्या अस्तराला व्रण पडतात आणि एरवी तेथे निमूट राहणारे ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जंतू थेट रक्तात शिरतात. पू नाही, सूज नाही. ताप हेच एकमेव लक्षण. तापमान एकदा 38.3 अंश सेल्सिअस आढळले, अथवा 38 अंश तासभर टिकले, तर एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविक मिळावे, असा नियम आहे. मात्र जंतू त्या औषधाला दाद देत असेल, तरच या तासाला अर्थ. आपल्या देशात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारे जंतू सर्रास आढळतात, मेरोपेनेमलाही न जुमानणारे वाढत आहेत. त्यापुढे उरते ते कोलिस्टिन, जे मूत्रपिंडाला घातक आहे. 2010 साली एनडीएम-1 या जनुकाच्या नावात दिल्ली का, म्हणून देशात मोठा गदारोळ झाला. नावावरचा राग समजण्याजोगा होता. जनुक मात्र राहिलेच.

हे जंतू सर्वस्वी रुग्णालयातच निपजतात, ही समजूत सोयीची आहे. साध्या सर्दी-पडशाला तीन दिवस सेफिक्झिम, जुलाबाला ऑफ्लॉक्सासिन अशा प्रत्येक अनावश्यक मात्रेगणिक आतड्यातील दुबळे जंतू मरतात व निर्ढावलेले उरतात. ते घरात, पाण्यात, गावात पसरतात. मूल परळला जाते ते पुष्कळदा त्यांना पोटात घेऊनच.

महाराष्ट्रात 1992 च्या अधिसूचनेने आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा मिळाली. तिच्या रक्षणासाठी आपल्या संघटनांनी मोर्चे काढले, न्यायालये गाठली. त्या मुभेचा सर्वाधिक वापर प्रतिजैविकांवर व्हावा, हे प्रस्तुत लेखकास शोभादायक वाटत नाही. मार्च 2014 पासून लागू असलेल्या अनुसूची एच-1 मध्ये सेफिक्झिम, सेफपोडॉक्सिम, लिव्होफ्लॉक्सासिन, फॅरोपेनेम ही औषधे आहेत. चिठ्ठी देणारा, रुग्ण, औषध व प्रमाण यांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपायची असते. औषधविक्रेते म्हणतात, आम्ही नाही दिले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. ते खोटे नाही. परंतु गावात दुकाने असतात दोन-चार; त्यांच्या मालकांनी एकत्र बसून ठरवणे अशक्य नाही.

आता आपल्या शास्त्राविषयी. नवज्वरात लंघन हे आपण सर्वच शिकलो. पण चरकाचार्यांनी क्षयजन्य ज्वर त्यातून वगळला आहे, हे विसरले जाते. केमोथेरपी घेणारे मूल क्षीणच असते. त्याला बस्ती देऊ नये, गुदमार्गे तापमापक वा वर्ती घालू नये, कारण तेथील लहानशी जखमही जंतूंना वाट करून देते. प्लेटलेट कमी असताना स्नायूत इंजेक्शन नको. पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवल्यास ताप झाकला जातो, आजार नव्हे. मर्कॅप्टोप्युरिन व मेथोट्रेक्सेट यकृताला त्रास देतात, तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना न विचारता वरून गुडूची किंवा भस्मे सुरू करू नयेत. छातीत वा दंडात नळी बसवलेली असेल, तर सलाईनसाठी कंपाउंडरने तिला हात लावू नये.

अशा मुलाच्या पालकांजवळ बहुधा रुग्णालयाची फाइल असते. प्रथम ती मागावी, तापमान व वेळ लिहावी आणि तेथील डॉक्टरांना दूरध्वनी करावा. नागपूर काही तासांवर असल्याने पहिली मात्रा कोठे व कोणती, हे त्यांनाच ठरवू द्यावे. जवळच्या मोठ्या रुग्णालयात, बहुधा अकोल्याला, त्यांनी पाठवण्यास सांगितले, तर चिठ्ठीवर पहिल्या ओळीत लिहावे : केमोथेरपी चालू, ताप, रक्ताचे कल्चर घेऊन प्रतिजैविक ताबडतोब.