हक्काची कात्री



मागच्या वर्षी आमच्या नववीच्या चार मुलामुलींनी पाच मिनिटांचा एक चित्रपट करायला घेतला. विषय त्यांनीच निवडला: वर्गातल्या एका मुलीची दादी. या दादीने उभे आयुष्य घरात बसून मागासाठी कांड्या भरल्या. मालेगावात मागाची खडखड सगळ्यांच्या कानात असते, पण कांडी भरणाऱ्या बाईकडे कोणाचे लक्ष जात नाही, असे मुलांचे म्हणणे. दादीने एकच अट घातली, "चेहरा नको घेऊ बेटा. हात घे, आवाज घे." मुलांनी अट पाळली आणि मोबाइलवर छान चित्रण केले.

आता ते जोडायचे कसे? एका मुलाने पेन ड्राइव्हवर एक महागडे सॉफ्टवेअर आणले, सोबत त्याचे कुलूप तोडणारा 'क्रॅक'. हा चोरीचा माल आहे, हे आम्हाला कळत होते. पण स्पर्धेची तारीख जवळ आलेली, मुले खूश, शाळेकडे पैसे नाहीत. आम्ही गप्प बसलो.

चौथ्या दिवशी संगणकावरची एकही फाइल उघडेना. पडद्यावर पैशांची मागणी झळकत होती. क्रॅकच्या पोटात बसून व्हायरस आला होता. जागा हवी म्हणून मोबाइलमधले चित्रण मुलांनी आधीच पुसले होते. दादी पुन्हा बसायला तयार झाली, पण म्हणाली, "पहिल्या वेळी मनातून आलं, तसं आता कसं येणार?" आणि तिच्या नातीने आम्हाला विचारले, "सर, ते चोरीचं आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून देतो आहोत. हा लेखही त्यातलाच.

आमच्या गावाला हौशी चित्रपट नवे नाहीत. मागवाल्यांच्या जुम्म्याच्या सुट्टीने इथली व्हिडिओगृहे भरत. नासिर शेख यांनी दोन व्हीसीआर जोडून स्वतःच संकलन शिकून घेतले आणि 'मालेगाव के शोले' बनवला. त्यांच्या मंडळींच्या 'सुपरमॅन'ची खटपट फैजा अहमद खान यांनी 2008 च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपली. पुढे रीमा कागती यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' केला. दुसऱ्यांचे चित्रपट विनापरवाना दाखवल्यामुळे व्हिडिओगृहावर छापा पडतो आणि त्यातून 'आपलाच चित्रपट करू' ही जिद्द उभी राहते, असे त्यात दाखवले आहे. ही गोष्ट आमच्या गावाच्या तोंडी असताना तिचा धडा आम्ही वर्गात विसरलो.

दोन व्हीसीआरच्या काळात साधन नव्हते, ही सबब खरी होती. आज ती खरी नाही. केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट ही संकलनाची सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि विंडोज, लिनक्स, मॅक अशा सगळ्या संगणकांवर चालतात. मोफत हा त्यांचा छोटा गुण. मोठा गुण असा, की बनवणाऱ्यांनीच लिहून परवानगी दिली आहे: वापरा, आत कसे चालते ते पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. शेजाऱ्याला प्रत करून दिली तरी कोणाचा हक्क मारला जात नाही. फतवा देणे आमचे काम नाही. पण हक्कुल-इबाद मुलांना शिकवायचे आणि त्याच संगणकावर क्रॅक चालवायचा, हे जुळत नाही, एवढे आम्हाला समजते. आपल्या मागे लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान ठेवावे, ही शिकवण आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. कुठले कोण लोक, आपली ओळखदेख नसताना, असे काम करून ठेवतात, याचे आम्हाला अप्रूप वाटते.

आम्ही मुलांबरोबर केडेनलाइव्ह शिकलो. घरी कोणाला करून पाहायचे असेल, तर ठेच लागून कळलेल्या चार गोष्टी सांगतो.

सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावे. मोफत वस्तूही भलत्या हातून घेतली तर धोका आहेच.

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्रण नसते. कुठला तुकडा कुठे ठेवला आहे आणि कुठे कापला आहे, एवढीच नोंद असते. मूळ चित्रण पुसले तर हाती फक्त यादी उरते. केडेनलाइव्हमध्ये सगळा प्रोजेक्ट एका जागी गोळा करण्याची सोय आहे, ती वापरावी. शिवाय मूळ चित्रणाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

संगणक जुना असेल तर 'प्रॉक्सी' चालू करावी. सॉफ्टवेअर चित्रणाची हलकी प्रत करून तिच्यावर काम करू देते आणि शेवटचा चित्रपट मूळ चित्रणातूनच काढते.

मोबाइलच्या चित्रणात कधी कधी ओठ आणि आवाज जुळत नाहीत, कारण फोन दर सेकंदाला सारख्याच चौकटी टिपतो असे नाही. शॉटकट अशा वेळी फाइल बदलून घेण्याचे सुचवते. ते ऐकावे.

मुलांना शेवटी एक चित्रपटगीत घालायचे होते. आम्ही विचारले, "हे कोणाचे आहे?" मुले हसली. मग त्यांनी गल्लीतल्या मागाची खडखड रेकॉर्ड करून आणली. तीच पार्श्वभूमीला लावली.

दादीचे पहिले बोलणे गेलेच होते. एका मुलीच्या फोनमध्ये थोडा आवाज राहिला होता, तो नव्याने घेतलेल्या हातांच्या चित्रणावर बसवला. स्पर्धेची तारीख केव्हाच उलटून गेली होती. एका जुम्म्याला, नमाजनंतर, दादीच्या घरी तो लॅपटॉपवर लावला. चेहरा कुठेही दिसत नाही, याची आधी तिने खात्री करून घेतली. मग स्वतःचे हात पाहत राहिली. म्हणाली, "इतक्या भरभर चालतात?"

दुसऱ्याचा आवाज, दुसऱ्याचे हात आपल्या मोबाइलमध्ये येतात तेव्हा ती अमानत असते. ती ठेवायची जागाही हलालच हवी. नातीला आम्ही उत्तर दिले, "हो बेटी, माहीत होते. चूक आमची." तिने मान हलवली आणि दादीसाठी चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला.