काचेच्या भिंती आणि विजेची उधळपट्टी

मुंबईत अलीकडे उभ्या राहिलेल्या कित्येक वातानुकूलित कचेऱ्या नखशिखान्त काचेने मढविलेल्या दिसतात. थंड देशांत काचेतून येणारे ऊन हवेसेच असते. येथे मात्र तेच ऊन आत घ्यावयाचे आणि मग वीज जाळून त्याची उष्णता यंत्राकरवी बाहेर फेकावयाची, असा हा अजब व्यवहार आहे. भर दुपारी डोळे दिपतात म्हणून पडदे ओढून दिवे लावले जातात, ही त्यावरची कडी! १८७८ साली पूर्ण झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या जाड दगडी भिंती आणि खोल व्हरांडे ऊन बाहेरच अडवितात.

यंत्रांकडे सरकारचे लक्ष गेले नाही, असे नाही. १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली असावीत, असा नियम झाला. एक अंश वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा सरकारी हिशेब आहे. (वापरणारा तो आकडा क्षणात अठरावर नेऊ शकतो, ही गोष्ट वेगळी.) भिंती, छप्पर आणि काच यांसाठीही केंद्राने २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली, पण तिची अंमलबजावणी राज्यांच्या मर्जीवर राहिली आणि रेंगाळली.

मुळात इमारत बांधणारा एक आणि विजेचे बिल भरणारा दुसरा. मग बांधणाऱ्याने सावलीची फिकीर का करावी? पश्चिमेचे ऊन कशाने अडविले आहे, हे नकाशा मंजूर करतानाच विचारले गेले पाहिजे. एकदा चढलेल्या काचेला पुढे सहसा कोणी हात लावीत नाही.