फुटामागे एक सूत

कोल्हापूरकराला गुजरी म्हटलं की सराफांच्या पेढ्या आठवतात. बंगळुरात गुजरी म्हणजे भंगार. या एप्रिलमध्ये पीन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये मी उभी होते. शेड विकली गेली होती, लेथ आधीच हलले होते, आणि कोपऱ्यात उरलेल्या एका धुडाकडे बोट करून मालक म्हणाले, ‘‘हे सोमवारी गुजरीला जाणार.’’ ते धूड म्हणजे लेस्टरच्या वॉडकिन कंपनीची जुनी गोल करवत. तिच्या टेबलावर चहाचे पेले होते, खिळ्यांचा डबा होता, वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. मी गठ्ठा बाजूला केला आणि खालच्या बिडावर तळहात टेकवला. पत्र्याची शेड उन्हानं तापलेली होती, बीड मात्र गार होतं.

घरच्या सुतारकामाला एवढं मोठं यंत्र कशाला, असं मला तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलं. दुकानात ॲल्युमिनियमच्या टेबलाची छोटी करवत मिळते. उचलून कपाटाखाली सरकवता येते, साध्या प्लगवर चालते. तशी एक मी चार वर्षं वापरली. पण दीड इंच जाडीची सहा फुटी सागवानी फळी तिच्यावर चढवली की लाकडाबरोबर करवतही हलायची, गाइड मागच्या टोकाला सूतभर सरकायचा आणि तो सूतभर फरक पुढे कपाटाच्या दारात दिसायचा. लाकडाच्या यंत्राला वजन हवंच. बीड कंपनं गिळतं. जड टेबल जागचं हलत नाही आणि वर्षानुवर्षं सपाट राहतं. मी नोकरीची तीस वर्षं लेथच्या बेडची ड्रॉइंग करण्यात घालवली आहेत, तेव्हा हे मी पूर्ण खात्रीनं लिहिते आहे.

शिवाय मी बेळगावची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली जिथे सायकलींचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर घडवला, त्या गावात वाढलेल्या माणसाला बिडाचं कौतुक कुणी शिकवावं लागत नाही. या करवतीवरची मोटरही किर्लोस्करांचीच निघाली. मूळची कधीतरी जळली असणार. तिच्या जागी बसवली होती ती किर्लोस्कर इलेक्ट्रिकची, म्हणजे १९४६ पासून याच बंगळुरात मोटरी करणाऱ्या कंपनीची. नावाच्या पट्टीवरचा रंग मी ओल्या फडक्यानं पुसला, अक्षरं वाचली आणि तिथेच माझा निर्णय झाला होता, हे कबूल करते.

ती शेड एका पॅटर्न शॉपची होती. बीड ओतायचं तर हव्या त्या आकाराचा लाकडी नमुना आधी करावा लागतो. तो वाळूत ठासून अलगद बाहेर काढला की मागे पोकळी उरते, तिच्यात वितळलेला रस ओततात. थंड होताना बीड आकसतं, फुटामागे साधारण एक सूत. म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर मोठा. पुढे होणाऱ्या आकसण्याचा हिशोब त्या पट्टीत आधीच करून ठेवलेला असतो. वॉडकिन कंपनी १८९७ सालची, आणि पॅटर्नमेकरांसाठीच्या यंत्रांनीच तिचं नाव झालं. या करवतीचं टेबलही कुणीतरी तशीच पट्टी हातात धरून आधी लाकडात घडवलं असणार. लाकडातून बीड झालं, आणि त्या बिडावर पुन्हा लाकूड चिरलं जाऊ लागलं. एवढं फिरून आलेली वस्तू किलोच्या भावानं वितळायला जावी हे मला बघवेना.

मात्र जुन्या यंत्राच्या प्रेमात पडून ते आंधळेपणानं घेऊ नये. सुदैवानं ज्यांनी ही करवत अठ्ठावीस वर्षं चालवली ते मिस्त्री त्या दिवशी शेडवर आले होते. खानापूरकडचे, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठे. मी त्यांना मामा म्हणू लागले. त्यांनी आधी पट्टा काढला आणि पात्याचा शाफ्ट हातानं सावकाश फिरवला. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून त्याची मूठ माझ्या कानाशी धरली. ‘‘ऐका की ताई.’’ डावीकडचं बेअरिंग गुपचूप फिरत होतं. उजवीकडच्यात मात्र वाळूचे कण अडकल्यासारखी बारीक खरखर होती. ‘‘हे बदलायचं. बाकी काळजी नाही.’’ बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो घेऊन गेलं की एसपी रोडवर जोडी मिळते, आणि मिळालीही.

बीड तडकलेलं नाही ना, हे बघणं अधिक महत्त्वाचं. बीड लवचिक नसतं. आपटलं की तडकतं आणि तडकलेलं बीड वेल्डिंगला सहजी दाद देत नाही. मामांनी लहान हातोडीनं टेबलावर जागोजागी टिचक्या मारल्या. सगळीकडे घंटेसारखा स्वच्छ नाद आला. मी घरून तीन फुटी सरळ पट्टी आणि फिलर गेज नेले होते. पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून पाहिली. एक कोपरा सोडला तर ०.१० मिलिमीटरचं पान तिच्याखाली कुठेही शिरलं नाही. मग पात्याच्या एका दातावर खडूची खूण केली, टेबलावरच्या खाचेपासून त्याचं अंतर पुढे मोजलं, तोच दात फिरवून मागे नेला आणि पुन्हा मोजलं. ०.३ मिलिमीटरचा फरक आला. टेबलाचे बोल्ट सैल करून तो नंतर घालवता आला. गंजाला घाबरायचं कारण नाही. वरवरचा गंज रॉकेल, वायर ब्रश आणि बारीक पॉलिश पेपरनं दोन दिवसांत निघतो. वर मेणाचा हात द्यायचा आणि पावसाळ्यात तो पुन्हा पुन्हा द्यायचा.

विजेचं एक सांगायला हवं. इंग्लंडची वीज आपल्यासारखीच ५० सायकलची, त्यामुळे तिथली जुनी यंत्रं आपल्याकडे ठरल्या वेगानं चालतात. अमेरिकेची ६० सायकलची, तिथून आणलेल्या यंत्राचा वेग इथे पडतो. आमच्या घरी थ्री फेज मीटर आधीपासून होतं, पाच हॉर्सपॉवरसाठी मंजूर भार तेवढा वाढवून घ्यावा लागला. मालकांना मी भंगाराच्या भावाच्या दुप्पट पैसे दिले. जळहळ्ळीच्या घरापर्यंत टेम्पो आणि गॅरेजच्या काँक्रीटवर पहार, चेन ब्लॉक आणि चार लोखंडी पाइप. पहारीनं उचलायचं, पाइप खाली घालायचा, हातभर सरकवायचं. साडेपाचशे किलो हलवायला चार माणसांना पाऊण तास लागला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. करवतीच्या पात्यामागे एक पोलादी पट्टी असायला हवी, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. माझ्या करवतीवर तिची जागा होती, बोल्ट होते, पट्टी नव्हती. फळीत कोंडलेला ताण असतो. चिरत गेलं की तो सुटतो, काप मागून मिटू लागतो आणि फिरत्या पात्याला चिमटीत पकडतो. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. ते फळी उचलतात आणि समोरच्या माणसावर फेकतात. माझ्या करवतीचं ४०० मिलिमीटरचं पातं मिनिटाला २,८०० फेरे घेतं. म्हणजे दातांचा वेग सेकंदाला सुमारे ५९ मीटर, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. फळी उडते तेव्हा तिला दाबून धरलेला हात पात्यावर जातो. मागची पट्टी तो काप मिटूच देत नाही. तिचं काम एवढंच. इंग्लंडात १९२२ च्या नियमांनी ती सक्तीची केली.

मामांना विचारलं, पट्टी कुठे गेली? ‘‘होती की. खाचा पाडताना मध्ये येते म्हणून काढून ठेवली. परत कुणी लावली नाही.’’ त्यांच्या डाव्या तर्जनीला दोन पेरं नाहीत. ती दुसऱ्या एका कारखान्यात, तरुणपणी गेली. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात याचं कोष्टक होतं. अख्खा अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के घटली असं धरायचं, अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के, तर्जनीची दोन पेरं गेली तर ११ टक्के.

पात्याचा पत्रा २.८ मिलिमीटर, दातांची रुंदी ३.८. पट्टी पत्र्यापेक्षा जाड आणि कापापेक्षा बारीक हवी, म्हणून मी ३ मिलिमीटर पोलादाची काढली. पीन्यातच लेझरवर कापून मिळाली, तीनशे रुपयांत. दातांपासून आठ मिलिमीटरच्या आत ती बसवली आणि मगच बटण दाबलं. पहिल्या दिवशी मामांना घरी बोलावलं होतं, दिवसाची मजुरी देऊन. पात्याच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही, डावीकडे राहायचं. शेवटचा वीतभर भाग हातानं नव्हे, ढकलकाठीनं पुढे न्यायचा. हातमोजे अजिबात घालायचे नाहीत, दात त्यांना पकडून हात आत ओढतात. हे मला पुस्तकांतून ठाऊक होतं. त्यांच्या शेजारी उभं राहून केलं तेव्हा ते अंगात शिरलं. पहिली फळी बिबळ्याची होती, इथल्या वखारीत त्याला होन्ने म्हणतात. कापलेली कड सरळ पट्टीला लावून उजेडात धरली. उजेड कुठूनच आला नाही.

कारखान्यातली यंत्रं झाकलेली असावीत असं १९४८ च्या कारखाना कायद्याचं २१ वं कलम सांगत होतं. पण आज बंगळुरातलं बहुतेक सुतारकाम फ्लॅटच्या बैठकीच्या खोलीत चालतं, आणि तिथे कारखान्याचा निरीक्षक येत नाही. प्लायवुडच्या तुकड्याला खालून कटर उलटा बांधलेला, त्याचं झाकण काढून टाकलेलं, पातं वर आलेलं आणि वीस-बावीस वर्षांचा पोरगा उकिडवा बसून त्यावर प्लाय ढकलतो आहे. पुण्यात, ठाण्यात, पणजीतही हेच चित्र आहे. त्या प्लायच्या टेबलातही पात्यामागच्या खाचेत कापाच्या जाडीची लाकडी पट्टी घट्ट बसवता येते. ढकलकाठी उरलेल्या प्लायमधून पाच मिनिटांत निघते.

तुमच्याकडे सध्या काम चालू असेल तर उद्या सकाळी सुतारांना चहा द्यायला जाल तेव्हा तो कटर वाकून बघा. पात्यामागे पट्टी नसेल तर काम थांबवायला सांगा आणि ती बसवेपर्यंतच्या वेळेची मजुरी तुम्ही द्या.